रंगीत अमूर्त शिळामुद्रण आणि गारो अँट्रेसियन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गारो अँट्रेसियन (१९२२–२०१८) या अमेरिकन मुद्राचित्रकाराची रंगीत, अमूर्त शिळामुद्रणे पाहिल्यावर वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. आरंभीचे प्रश्न प्राथमिक आहेत, पुढचे अपवादांविषयीचे आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शिळामुद्रण म्हणजे नक्की काय? दगडावर चित्र कोरतात का?

कोरत नाहीत, आणि या माध्यमाचे वेगळेपण त्यातच आहे. लाकडी ठशात उंच राहिलेला भाग छापला जातो आणि तांब्याच्या पत्र्यावर खोदलेल्या रेषेत शाई साठते. शिळामुद्रणात मात्र छापला जाणारा आणि कोरा राहणारा, असे दोन्ही भाग एकाच पातळीवर असतात. सगळे काम तेल आणि पाणी यांच्या वैरावर चालते. बव्हेरियातील सोल्नहोफेन येथील बारीक पोताचा चुनखडीचा दगड घासून सपाट केला जातो, त्यावर चरबीयुक्त खडूने किंवा पातळ केलेल्या चरबीयुक्त शाईने चित्र काढले जाते, आणि मग बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक व नायट्रिक आम्लाचे काही थेंब यांचे मिश्रण वरून फिरवले जाते. या आम्लाने दगड खोदला जातो असा पुष्कळांचा समज असतो, पण तो खरा नाही. त्यामुळे चित्रातील चरबी दगडाशी पक्की बांधली जाते, आणि कोऱ्या जागेवर डिंकाचा अतिशय पातळ, पाणी धरून ठेवणारा थर बसतो. त्यानंतर दगड ओल्या स्पंजने पुसून त्यावर शाईचा रूळ फिरवला, की ओली जागा शाई नाकारते आणि चित्राची जागा ती उचलते. वर कागद ठेवून दगड प्रेसखालून सरकवला म्हणजे एक प्रत तयार होते. पुढच्या प्रतीसाठी पुन्हा पाणी, पुन्हा शाई, पुन्हा कागद.

हा शोध आलोइस झेनेफेल्डर या नाटककाराने अठराव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये लावला. मराठी वाचकांना या तंत्राची ओळख फार जुनी आहे, कारण मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली पंचांग छापले ते याच पद्धतीने. शिळाछाप हा शब्द आपल्याकडे तेव्हाच्या छपाईतूनच रुळला.

२. हे छापलेले आहे, मग मूळ चित्र कुठे आहे?

मूळ चित्र म्हणून वेगळे काही नसते. हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो स्वाभाविकही आहे, कारण छापील चित्र म्हणजे कोठेतरी असलेल्या रंगचित्राची नक्कल, ही सवय आपल्या डोळ्यांना कॅलेंडरांनी लावलेली आहे. अँट्रेसियन यांच्या शिळामुद्रणांच्या बाबतीत आधी कॅनव्हास रंगवला आणि नंतर तो छापला, असे घडलेले नाही. दगडावरचे रेखाटन हे अर्धेच काम असते आणि त्यात रंग नसतो; तेथे दिसतो तो फक्त काळा खडू किंवा काळी शाई. रंग प्रथम जन्माला येतो तो रुळावर आणि मग कागदावर. म्हणून आवृत्तीतील प्रत्येक प्रत मूळ कलाकृतीच असते. वीस प्रती असतील, तर ते एकच चित्र वीस कागदांवर अस्तित्वात आलेले असते.

३. अँट्रेसियन कोण होते? त्यांचे नाव फारसे ऐकलेले नाही.

त्यांचा जन्म इंडियानापोलिस येथे एका आर्मेनियन कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकन तटरक्षक दलात युद्धचित्रकार म्हणून काम केले. त्यानंतर जॉन हेरन कलाशाळेत शिक्षण पूर्ण करून ते तेथेच शिकवू लागले. १९६० साली लॉस एंजेलिसमध्ये टॅमरिंड लिथोग्राफी वर्कशॉप सुरू झाले, तेव्हा त्याचे पहिले तंत्रसंचालक तेच होते. १९६४ मध्ये ते न्यू मेक्सिको विद्यापीठात गेले आणि १९८७ पर्यंत तेथे अध्यापक राहिले. क्लिंटन अ‍ॅडम्स यांच्यासह त्यांनी लिहिलेला शिळामुद्रणाच्या तंत्रावरील १९७१ सालचा ग्रंथ अजूनही जगभरच्या कार्यशाळांत टेबलावर उघडा असतो.

त्यांचे नाव कमी ऐकू येते याचे एक कारण मला असे वाटते, की त्यांनी आयुष्याचा मोठा भाग इतरांना दगड हाताळायला शिकवण्यात घालवला. केनेथ टायलर हे त्यांचे हेरनमधील विद्यार्थी. १९६६ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये उभ्या राहिलेल्या जेमिनी जी. ई. एल. या प्रसिद्ध मुद्रणालयाच्या संस्थापकांपैकी ते एक होत. अमेरिकेतील विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मोठमोठ्या चित्रकारांची मुद्राचित्रे ज्या हातांनी छापली, त्यांतील अनेक हात अँट्रेसियन यांनी थेट किंवा त्यांच्या शिष्यांनी तयार केलेले होते.

४. टॅमरिंड म्हणजे चिंच. या कार्यशाळेचा चिंचेशी काय संबंध?

संबंध फक्त पत्त्याचा आहे. कार्यशाळा लॉस एंजेलिसमधील टॅमरिंड अ‍ॅव्हेन्यू या रस्त्यावर होती, म्हणून ते नाव पडले. तिच्या संस्थापक चित्रकार जून वेन. १९५०च्या दशकात अमेरिकेत कलावंतासाठी दगडावरून छापू शकणारे कसबी मुद्रक जवळजवळ उरले नव्हते आणि वेन यांना स्वतःच्या कामासाठी पॅरिस गाठावे लागत होते. फोर्ड फाउंडेशनच्या अनुदानातून त्यांनी ही कार्यशाळा उभारली. तिचा हेतू चित्रे विकण्याचा नव्हता; मुद्रक घडवणे, चित्रकारांना दगडापाशी आणणे आणि प्रत्येक आवृत्तीची काटेकोर नोंद ठेवणे हा होता. १९७० मध्ये ती आल्बुकर्क येथे न्यू मेक्सिको विद्यापीठात टॅमरिंड इन्स्टिट्यूट या नावाने गेली आणि तेथे आजही चालू आहे.

५. मग हे रविवर्म्याच्या ओलिओग्राफसारखेच झाले ना?

तंत्राचे कूळ एक आहे, हेतू वेगळा आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत सुरू केलेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेला छापखाना दगडांवरूनच रंगीत चित्रे छापत असे. तेथे आधी तैलचित्र असे. मग कारागीर त्याचे रंग अलग करून प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड तयार करत, आणि दगडांमागून दगड छापत मूळ चित्राच्या शक्य तितके जवळ जात. म्हणजे यशाची कसोटी सारखेपणा ही होती. लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या त्या या कारागिरांच्या विलक्षण कौशल्यामुळे, आणि त्या कामाला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. अँट्रेसियन यांच्या कामात मात्र ज्याच्याशी तुलना करायची असे मूळ चित्रच नसल्यामुळे (प्रश्न २) छपाई अनुकरण करत नाही. पुढचा रंग कोणता, हा निर्णय छापता छापताच होऊ शकतो.

६. जितके रंग तितके दगड, असे असते का?

साधा नियम तसा आहे, पण त्याला अपवाद इतके आहेत की चित्र पाहून दगडांची संख्या सांगणे धोक्याचे आहे. पहिले कारण म्हणजे पारदर्शक शाई. पिवळ्यावर पारदर्शक निळा पडला की दोन दगडांतून तीन रंग दिसतात, आणि तिसऱ्या दगडावरचा तांबडा त्या तिन्हींवर वेगवेगळा परिणाम करतो. येथे क्रमही महत्त्वाचा असतो, कारण आधी निळा आणि नंतर पिवळा छापल्यास येणारा हिरवा तोच नसतो. दुसरे कारण असे, की एकच दगड दोनदा वापरता येतो : सर्व प्रती एका रंगात छापून झाल्यावर त्याच दगडावरील चित्राचा काही भाग पुसून टाकायचा आणि उरलेला भाग दुसऱ्या रंगात पहिल्याच्या वर छापायचा. तिसरे कारण म्हणजे एकाच रुळावर अनेक रंग घेणे, आणि त्यासाठी पुढचा स्वतंत्र प्रश्न आहे.

दगड कितीही असोत, प्रत्येक वेळी कागद अचूक त्याच जागी बसला पाहिजे. त्यासाठी दगडाच्या दोन बाजूंना आणि कागदाच्या पाठीवर बारीक खुणा करून त्या एकमेकींशी जुळवल्या जातात. तीक्ष्ण कडांच्या भौमितिक अमूर्त चित्रात अर्ध्या मिलिमीटरची चूकही पांढऱ्या फटीसारखी उघडी पडते. निसर्गचित्रात ती पानाफांद्यांत लपली असती.

७. एका कडेला गडद निळा आणि दुसऱ्या कडेला केशरी, मधे कुठेही जोड दिसत नाही. हे दगडावर कसे जमते?

याला इंद्रधनुषी रूळ म्हणता येईल, आणि अँट्रेसियन यांचे नाव ज्या तंत्राशी विशेष जोडले जाते ते हेच. शाईच्या पाटावर दोन, तीन किंवा अधिक रंगांच्या पट्ट्या शेजारी शेजारी घातल्या जातात. रूळ त्यांवरून नेहमी एकाच दिशेने, पण प्रत्येक फेरीला किंचित डावीउजवीकडे सरकवत फिरवला जातो. जेथे दोन पट्ट्या भेटतात तेथे रंग मिसळू लागतात. रूळ किती सरकवला यावर मिश्रणाचा पट्टा अरुंद होईल की रुंद, हे ठरते. मग तोच रूळ दगडावर ठरलेल्या जागी ठेवून फिरवला, की रंगांचा तो संपूर्ण उतार एका फेरीत दगडावर येतो आणि प्रेसच्या एका दाबात कागदावर जातो.

ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात सर्व शाया सारख्याच घट्ट आणि सारख्याच चिकट असाव्या लागतात, नाहीतर एक रंग दुसऱ्याला खाऊन टाकतो. रुळाचा घेर चित्राच्या लांबीपेक्षा कमी असेल, तर रुळाची दुसरी फेरी सुरू होते तेथे अंधुक पट्टा उमटतो. म्हणून मोठे, जड, रबराचे रूळ लागतात. काळ्या छपाईसाठी वापरला जाणारा लवदार कातड्याचा रूळ येथे चालत नाही, कारण तो शाई पोटात धरून ठेवतो आणि पुरता स्वच्छ होत नाही. शिवाय दर काही प्रतींनंतर पाटावरचे रंग एकमेकांत इतके शिरतात की मधला भाग मळकट होऊ लागतो. तेव्हा पाट आणि रूळ धुऊन सगळे पुन्हा मांडावे लागते.

कल्पना म्हणून हे नवे नव्हते. जपानी लाकडी ठशांत हाताने रंग विरवत नेण्याची जुनी रीत आहे आणि जाहिरातींच्या छपाईतही दोन रंग एकत्र चालवण्याची युक्ती ठाऊक होती. आकाश रंगवण्यासाठी किंवा झगमगाटासाठी वापरल्या जाणाऱ्या या युक्तीला अँट्रेसियन यांनी १९६०च्या दशकात चित्राचा विषय होण्याइतकी प्रतिष्ठा दिली. त्यांच्या कामात कडक कडांचे पट्टे असतात आणि त्यांच्या आतून रंग हळूहळू बदलत जातो, त्यामुळे सपाट कागदाला वळण असल्याचा भास होतो, जणू घासून लखलखीत केलेला धातूचा पत्रा वाकवून ठेवला आहे. १९६६ची ‘क्वांटम’ ही त्यांची मालिका या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

८. एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींत रंग किंचित वेगळे दिसतात. एक प्रत सदोष आहे का?

बहुधा नाही. वरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे रंगांचा उतार प्रत्येक प्रतीबरोबर अगदी थोडा सरकतो, आणि हाताने शाई लावलेल्या आवृत्तीत इतका फरक स्वीकारलेलाच असतो. त्याची मर्यादा ठरवणारी एक प्रत असते. चाचणीच्या अनेक छपायांनंतर चित्रकाराचे समाधान झाले, की तो त्या प्रतीवर ‘बाँ आ तिरे’, म्हणजे ‘छापण्यास योग्य’, असा शेरा लिहून सही करतो. पुढची प्रत्येक प्रत मुद्रक तिच्याशी ताडून पाहतो आणि जी फार दूर जाते ती नष्ट करतो. मात्र एका प्रतीचा एखादाच रंग फिकट असेल आणि चौकटीखाली झाकलेल्या कडेला तोच रंग गडद राहिला असेल, तर तो छपाईतला फरक नसून उजेडाने झालेली हानी आहे (प्रश्न १३).

९. चित्र अमूर्त आहे. त्यात नेमके काय पाहायचे?

आकारांचा अर्थ शोधण्याआधी ते कोणत्या क्रमाने कागदावर आले असतील, हे डोळ्यांनी शोधून पाहावे, असे मी सुचवीन. कोणता रंग खाली आहे आणि कोणता वर, कोठे कागदाचा पांढरा तसाच सोडला आहे, कोठे एक पट्टा दुसऱ्यामागे जातो असे वाटते आणि जवळ गेल्यावर तो त्याच्यावरच छापलेला निघतो. रागाचा विस्तार ऐकताना आपण शब्दांचा अर्थ शोधत नाही, स्वर कोठून कोठे गेला हे ऐकतो; तेच लक्ष येथे उपयोगी पडते. अँट्रेसियन यांच्या चित्रांत खडबडीत दाणेदार पोत आणि आरशासारखा गुळगुळीत उतार शेजारी शेजारी येतात. दाणे दगडाचे आणि उतार रुळाचा. या दोन साधनांचा संवाद हा मला त्या चित्रांचा खरा विषय वाटतो, आणि तो रंगचित्रात शक्य नव्हता.

१०. छापले मुद्रकाने, मग चित्रकाराचे श्रेय कशाला?

दोघांचेही श्रेय नोंदवण्याची पद्धत आहे. चित्रकार दगडावर चित्र काढतो, रंग ठरवतो, प्रती मान्य करतो आणि सही करतो; मुद्रक दगड तयार करतो, शाई जुळवतो आणि आवृत्ती छापतो. टॅमरिंडमध्ये कागदाच्या कडेला कार्यशाळेची आणि मुद्रकाची अशा दोन लहान मोहोरा उठवल्या जातात. त्यांना शाई नसते. कागद तिरपा धरल्यावर त्या दिसतात. अँट्रेसियन यांच्या बाबतीत ही सीमारेषा अधिकच पुसट होते, कारण ते स्वतः प्रथम दर्जाचे मुद्रक होते आणि दगड काय देऊ शकेल हे ठाऊक असलेला माणूसच चित्र काढत होता.

११. खाली पेन्सिलीने ७/२० असे लिहिले आहे. त्याचा अर्थ काय?

आवृत्तीत वीस प्रती आहेत आणि ही सातवी. सातवी म्हणजे सातव्या क्रमाने छापलेली असे नव्हे, कारण अनेक रंगांच्या छपाईत कागदांचा क्रम बदलत जातो. म्हणून कमी आकडा म्हणजे अधिक चांगली प्रत, ही समजूत निराधार आहे. आकड्याऐवजी ए. पी. असेल तर ती चित्रकारासाठी राखलेली प्रत, आणि पी. पी. असेल तर मुद्रकाची.

१२. माझ्याकडचे चित्र खरे शिळामुद्रण आहे की पोस्टर, हे कसे ओळखावे?

दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग घ्यावे. पोस्टरमध्ये निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांची नियमित नक्षी दिसते, आणि सलग वाटणारा रंगही त्या ठिपक्यांनीच भरलेला असतो. हाताने छापलेल्या शिळामुद्रणात रंगाची जागा सलग असते किंवा दगडाच्या दाण्यानुसार अनियमित फुटलेली असते, आणि इंद्रधनुषी उतारात तर ठिपका असूच शकत नाही. सहीवर एकटीवर विसंबू नये. छापलेल्या सहीतही हीच ठिपक्यांची नक्षी आढळते, उलट खऱ्या पेन्सिलीला तिरप्या उजेडात चमक असते आणि कागदावर हलका दाब जाणवतो. कागदाच्या कडेवर पत्र्याचा खोल ठसा नाही म्हणून शंका घेऊ नये, कारण तसा ठसा कोरीव पत्र्याच्या छपाईत उमटतो. दगडाच्या छपाईत फार तर त्या जागेचा कागद थोडा गुळगुळीत झालेला दिसतो.

१३. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत असे चित्र कसे जपावे?

सुती कागद ओलावा शोषतो आणि पावसाळ्यात त्यावर बुरशीचे तांबूस ठिपके पडतात. म्हणून चित्र बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नये, काच कागदाला टेकू देऊ नये आणि मधे आम्लरहित पुठ्ठ्याचे माउंट ठेवावे. कागद माउंटला जोडण्यासाठी चिकटपट्टी कधीही वापरू नये. गव्हाच्या खळीने लावलेली जपानी कागदाची बिजागरी योग्य, कारण ती पाण्याने सुटते. ऊन थेट पडू देऊ नये. कडा कापून चित्र लहान चौकटीत बसवणे ही सर्वांत वाईट हानी आहे, कारण त्या कडेवरच सही, क्रमांक आणि मोहोर असते.

१४. दगडाऐवजी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वापरला असेल, तरीही ते शिळामुद्रणच का?

होय. व्याख्या दगडावर नाही, तेल-पाण्याच्या तत्त्वावर अवलंबून आहे, आणि खास दाणेदार केलेल्या अ‍ॅल्युमिनियम किंवा जस्ताच्या पत्र्यावर ते तत्त्व तसेच चालते. साधारण ६० × ८० सेंटिमीटरचा आठ सेंटिमीटर जाड दगड शंभर किलोंच्या आसपास भरतो. पाच रंगांसाठी असे पाच दगड हलवण्यापेक्षा सपाट रंगांसाठी पत्रे आणि नाजूक पोतासाठी दगड, अशी विभागणी अनेक कार्यशाळा करतात. मराठी शब्दातील ‘शिळा’ येथे वाच्यार्थाने घेऊ नये. याच न्यायाने ऑफसेट छपाईही शिळामुद्रणाचीच वंशज ठरते, आणि म्हणून ‘लिथोग्राफ’ या नुसत्या लेबलावर पोस्टर विकले जाऊ शकते. तेथे प्रश्न १२ मधील भिंगच कामी येते.

१५. दगडावर चित्र उलटे काढावे लागते. अमूर्त चित्रात त्याने काय बिघडते?

अक्षरे नसल्यामुळे वाचनात काही बिघडत नाही, पण तोल बदलतो. डावीकडून उजवीकडे चढणारा पट्टा छापल्यावर उतरताना दिसतो, आणि ज्याची नजर डावीकडून सुरू होते त्याच्यासाठी हे दोन निराळे अनुभव आहेत. सरावलेले चित्रकार दगडाशेजारी आरसा ठेवतात. प्रतिमा आधी रबरी रुळावर घेऊन मग कागदावर उतरवणाऱ्या प्रेसवर छापल्यास ती दोनदा उलटते आणि पुन्हा सुलटी येते.

१६. आवृत्ती संपल्यावर दगडाचे काय होते? नंतर कोणी गुपचूप आणखी प्रती काढल्या तर?

आधी दगडावरील चित्रावर फुलीसारखी खूण करून एक प्रत छापली जाते. ती रद्दबातल झाल्याचा पुरावा म्हणून नोंदीत राहते. मग दगडावर कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी टाकून लोखंडी जड चकतीने तो घासला जातो, भरड भुकटीपासून बारीक भुकटीपर्यंत अनेक वेळा, चरबीचा शेवटचा अंश जाईपर्यंत. हे काम उतावीळपणे केले तर जुने चित्र पुढच्या चित्रातून पुसट डोकावते. नीट केले तर दगड एखाद-दुसरा केस जाडीने कमी होतो आणि पुन्हा कोरा होतो. म्हणूनच सोल्नहोफेनचा एकेक दगड कित्येक चित्रकारांच्या हातांखालून जातो.